फौजेत परदेशी गेलेल्या माणसाला घरून गेलेली पत्रे आता कुठे वाचायला मिळतील?

माणगंगा (प्रश्न)

नमस्कार.

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते आणि १९४२ च्या उन्हाळ्यापासून लढाई संपेपर्यंत आधी मध्यपूर्वेत व नंतर इटलीत होते. आमचे गाव खटाव तालुक्यात आहे. त्यांनी घरी पाठवलेली पत्रे पणजीने पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. घराची वाटणी झाली तेव्हा ती कोणाला नको होती, म्हणून माझ्याकडे आली.

गेले काही महिने मी ती क्रमाने लावून वाचत आहे आणि वाचताना एक गोष्ट सतत जाणवते, ती म्हणजे ही सगळी उत्तरे आहेत. बैल विकल्याचे समजले, पण किती रुपयांस विकला ते लिहिलेले नाही, असे ते विचारतात. धाकट्याला शाळेतून काढू नये, विहिरीच्या हिश्श्यासाठी चुलत्यांशी भांडू नये, मनिऑर्डर पोचल्याची तारीख कळवावी, असे सांगतात. पणजीचे नाव एकाही पत्रात नाही; पत्र सासऱ्यांच्या नावे आहे आणि तिच्याबद्दल फक्त ‘घरच्या मंडळींची तब्येत’ एवढीच विचारणा असते. १९४२ च्या दिवाळीच्या सुमाराच्या पत्रात तालुक्याला जे घडले ते कळले, असे एक वाक्य आहे आणि त्यापुढच्या दोन ओळी काळ्या शाईने पूर्णपणे पुसून टाकलेल्या आहेत. ९ सप्टेंबरला वडूजला, म्हणजे आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, ‘चले जाव’ चळवळीच्या मोर्चावर गोळीबार झाला त्याविषयीच ते लिहीत असावेत, हे उघड आहे.

ज्या पत्रांची ही उत्तरे आहेत ती पत्रे मला वाचायची आहेत. ती लिहिली कोणी (आमच्या घरात तेव्हा कोणालाच लिहिता येत नव्हते), वाटेत कोणी कोणी वाचली, गावातली चळवळ घरच्यांनी त्यांत कितपत लिहिली असेल, आणि अशा पत्रांचा कुठे काही माग लागू शकतो का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दफ्तरदार

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. घरून गेलेली मूळ पत्रे बहुतांशी नष्ट झाली आहेत. शिपायाजवळ पाठीवर मावेल एवढेच सामान असे. तुकडी हलली की कागद ओले होत, जखमी होऊन इस्पितळात गेला की सामान मागे राही, आणि चुलीला किंवा विडीला कागद लागला तर हाताशी असलेलाच वापरला जाई. गावी ट्रंक असते, आघाडीवर नसते. त्यामुळे सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रे आजही घराघरांतून निघतात आणि त्यांना आलेली पत्रे फार क्वचित मिळतात.

हिंदी (म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या) फौजेच्या बाबतीत मात्र सरकारने ही पत्रे उघडली, त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत उतरवून घेतले आणि ते उतारे दप्तरात राहिले. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या शेवटी हिंदी पलटणी फ्रान्समध्ये दाखल झाल्या तेव्हा क्रांतिकारकांचे, विशेषतः परदेशातून इंग्रजांविरुद्ध उठाव घडवू पाहणाऱ्या गदर पक्षाचे, साहित्य टपालातून शिपायांच्या हाती पडू नये म्हणून हिंदी टपालासाठी स्वतंत्र सेन्सॉर नेमण्यात आला. ई. बी. हॉवेल हे त्याचे पहिले प्रमुख होते आणि कचेरी फ्रान्सच्या किनाऱ्यावर बूलोन्य येथे होती. म्हणजे या यंत्रणेचा जन्मच मुळी सैनिकाकडे येणाऱ्या टपालाच्या धास्तीतून झाला. पुढे सैनिकांच्या घरी जाणाऱ्या पत्रांवर तिचा भर वाढला. १९१५ च्या सुरुवातीला फ्रान्समधून हिंदुस्थानात आठवड्याला १० ते २० हजार पत्रे जात होती. मूठभर माणसांना ती सगळी वाचणे शक्यच नव्हते, म्हणून काही पत्रे काढून वाचली जात आणि अहवालाला त्यांचे उतारे जोडले जात. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरात एल/एमआयएल/५/८२५ ते ८२८ या क्रमांकांखाली आहेत आणि युरोपियाना या संकेतस्थळावरही पाहता येतात. त्यांत उर्दू, गुरुमुखी आणि हिंदी पत्रे पुष्कळ आहेत, मराठी थोडी. कारण फ्रान्सला गेलेले पायदळ मुख्यतः पंजाब, सरहद्द, गढवाल आणि नेपाळकडचे होते. आपल्याकडची मंडळी तिथे होती ती खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (फौजेच्या इंजिनिअर दलाच्या) २० व २१ नंबरच्या कंपन्यांत, ज्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात अक्षरशः कापल्या गेल्या.

आपल्या पणजोबांच्या काळासाठी दुसरी मालिका पाहावी लागेल. मध्यपूर्वेतील लष्करी सेन्सॉर हिंदी सैनिकांच्या पत्रव्यवहाराचे नियमित गोषवारे तयार करीत असे, आणि ते त्याच संग्रहात एल/पीजे/१२ या मालिकेत आहेत. त्यांत घरी गेलेल्या आणि घरून आलेल्या, दोन्ही प्रकारच्या पत्रांचे उतारे सापडतात. नावानिशी आपल्याच घरचे पत्र सापडेल अशी आशा मात्र धरू नये. लाखो पत्रांतून वेचलेली ती काही वाक्ये आहेत.

हे उतारे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. अधिकाऱ्याला काय हवे होते, यावरून ती वाक्ये निवडलेली आहेत. फौजेचे मनोधैर्य कसे आहे, महागाईची झळ पोचते आहे का, राजकारणाचा वारा लागला आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते. म्हणून गाय व्यायली, देवीची यात्रा झाली, थोरलीला दात येत आहेत, हा मजकूर भाषांतरकाराने बाजूला सारला. आणि माझ्या मते पत्राचा जीव बहुतेक वेळा त्यातच होता. उतारे वाचून एखाद्याला वाटेल की हिंदी सैनिकाच्या घरचे लोक सदासर्वकाळ तक्रारी आणि राजकारणच लिहीत होते. तसे वाटून घेऊ नये.

कृष्णाकाठ

दफ्तरदारांनी वरच्या बाजूने सांगितले आहे, मी गावाच्या बाजूने सांगतो. आमचे घर वाळवा तालुक्यातले. लढाईच्या काळात पत्र लिहून देणारी माणसे आमच्याकडे ठरलेली होती : शाळामास्तर, तलाठी, चावडीवर बसणारा एखादा शिकलेला म्हातारा, क्वचित पोस्टमनच. मजकूर सासरा सांगे, सासू मध्येच भर घाली, आणि सून दाराआड उभी राहून ऐके. तिला जे सांगायचे असेल ते ती सासूच्या कानात सांगे आणि सासूला योग्य वाटले तरच ते मास्तरांच्या लेखणीपर्यंत जाई. तिकडे पत्र पोचले की शिपायालाही बहुधा वाचता येत नसे. पलटणीतला एखादा कारकून किंवा शिकलेला सोबती ते मोठ्याने वाचून दाखवी. म्हणजे नवराबायकोच्या मध्ये सांगणारा, लिहिणारा, तपासणारा आणि वाचणारा, अशी चार माणसे उभी. ‘घरच्या मंडळींची तब्येत’ या तीन शब्दांत आपल्या पणजोबांना किती काही कोंबावे लागले असेल, त्याचा विचार या अंगाने करावा.

जे लिहिता येत नसे ते पत्राच्या ठेवणीतून कळे. वर ‘श्री’ नसलेले पत्र आले की घरात कोणी तरी गेले, हे मजकुराकडे नजर जाण्याआधीच समजे. इंग्रजी उताऱ्यात ‘श्री’ होता की नव्हता, हे कोण नोंदवणार?

आता चळवळीविषयी. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग होता (दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये), म्हणून सरकारी कागद शोधताना तासगाव आणि वाळवा हेही साताऱ्याखालीच पाहावेत. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला, ९ तारखेला वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गोळीबारात पडले, आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाने उभे राहिलेले प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर असे लोकांचे सरकार, १९४३ पासून गावोगाव न्यायनिवाडे करू लागले. ज्या टापूत हे चालले होते तोच टापू मराठा पलटणींचा भरतीचा टापू होता, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. एक मुलगा इटलीत सरकारसाठी लढतो आहे आणि दुसरा रात्री भूमिगतांना भाकरी पोचवतो आहे, अशी घरे आमच्या भागात होती. त्या घरच्या बापाने फौजेतल्या मुलाला काय लिहावे? पहिल्याचा पगार दुसऱ्याच्या पायी बंद होईल ही धास्ती, आणि पहिल्याला हे कळलेच नाही तर रजेवर आल्यावर तो गावात कसा वागेल हीही धास्ती. अशा वेळी लोक ‘गावात सर्व क्षेम आहे, धाकटा हल्ली घरी कमी असतो’ अशा धर्तीचे लिहीत, आणि घेणारा काय ते समजून घेई. आडून बोलण्याची ही रीत फक्त आपलीच नव्हती. पहिल्या लढाईत फ्रान्समधल्या शिपायांनी हिंदी पलटणींना काळी मिरी आणि गोऱ्यांना तांबडी मिरची म्हणून घरी मजकूर पाठवले होते. सेन्सॉरला ते कळले, म्हणूनच आज आपल्याला माहीत आहेत.

पत्रांत उघडपणे येई तो मजकूर पोटापाण्याचा आणि जमिनीचा. १९४३ नंतर धान्य महाग झाले, लेव्ही (सरकारची सक्तीची धान्यवसुली) सुरू झाली, रॉकेल आणि कापड मिळेना, सुटी नाणीसुद्धा मिळेनाशी झाली. वीस रुपयांच्या आसपास पगार असलेल्या शिपायाने त्यातले बहुतेक घरी पाठवले तरी त्याची किंमत दर महिन्याला कमी होत होती, आणि ही बातमी त्याला इटलीत घरच्या पत्रातूनच कळत होती. त्यातच भाऊबंदकी. फौजेत गेलेल्या माणसाच्या बांधावर शेजाऱ्याचा नांगर चढणे ही जुनीच गोष्ट आहे, आणि म्हणूनच सरकारने १९२५ मध्ये सैनिकांच्या दाव्यांसंबंधी कायदा करून लढाईवर असलेल्या शिपायाविरुद्धचा दिवाणी दावा तहकूब ठेवण्याची सोय केली होती. घरच्या पत्रात दाव्याची बातमी आली की शिपाई ते पत्र घेऊन साहेबाकडे जाई, साहेब कलेक्टरला लिही, आणि प्रकरण जिल्हा सैनिक बोर्डाकडे येई. आपल्या पणजोबांनी विहिरीच्या हिश्श्याबद्दल लिहिले आहे, तेव्हा त्या वर्षांतला एखादा अर्ज सरकारी दप्तरात असण्याची शक्यता मला वाटते. घरच्यांचा मूळ मजकूर जिथे शिल्लक राहिला असेल अशी ती एक जागा आहे.

जुनी पलटण

मी स्वतः याच रेजिमेंटमधून निवृत्त झालो आहे. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. पहिल्या लढाईत मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या याचा पत्रांच्या दृष्टीने फार मोठा परिणाम झाला, तेवढेच जोडतो.

सहाव्या (पुणे) डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तुर्कांनी कुत-अल-अमाराला घातलेल्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. गावाकडून आत पत्र येण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला आणि बिनतारी यंत्र तेवढे चालू राहिले. अन्न संपत आले तेव्हा हिंदी शिपाई घोड्याचे मांस खाण्यास तयार होईनात. गावी गेल्यावर जातीबाहेर टाकतील, मुलीबाळींची लग्ने होणार नाहीत, ही भीती त्यांना उपासमारीपेक्षा मोठी वाटत होती. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची अनुमती बिनतारीने मागवावी लागली. त्या पाच महिन्यांत मायदेशाकडून शिपायांपर्यंत पोचलेला शब्द तो एवढाच, आणि तोही सरकारमार्फत. पुष्कळांनी तो मिळाल्यावरही बराच काळ मांसाला हात लावला नाही. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले, अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले, आणि हजारो माणसे वाटेत व छावण्यांत मेली. सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) इकडच्या घरांना आपला माणूस जिवंत आहे की नाही हे महिनोन्महिने कळले नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या लढाईत ४६ माणसे कामी आली. तिथले स्मारक पाहताना मला नेहमी वाटते की यांतल्या कित्येकांच्या नावे घरून लिहिलेले शेवटचे पत्र त्यांच्यापर्यंत पोचलेच नसेल.

आपल्या शोधासाठी उपयोगी पडेल असे सांगतो. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणींचे नंबर बदलले : १०३ ची १/५ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन), ११० ची ३/५, ११७ ची ५/५ (रॉयल) मराठा झाली. इटलीत होते म्हणजे आपले पणजोबा १/५ किंवा ३/५ मध्ये असण्याचा संभव अधिक. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती ३/५, आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला ती १/५. बटालियन नक्की झाली की तिची युद्धदैनंदिनी लंडनमध्ये क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येते आणि कोणत्या तारखेस ती कुठे होती हे पत्रांशी ताडता येते. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला नंबर, नाव आणि गाव कळवून लेखी विचारणाही करावी.

माणगंगा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. कृष्णाकाठ यांनी दाराआडच्या सुनेबद्दल जे लिहिले ते वाचून मी पत्रे पुन्हा काढली. १९४४ च्या पावसाळ्यातल्या एका पत्रात शेवटी, सही झाल्यावर, पेन्सिलीने एक ओळ वेगळ्या हाताने लिहिलेली आहे : निळ्या लुगड्याचे समजले, आल्यावर पाहू. तोपर्यंतच्या कोणत्याही पत्रात लुगड्याचा विषय नाही. म्हणजे घरून गेलेल्या पत्रात पणजीने काही तरी सासऱ्यांना वगळून घातले असणार आणि पणजोबांनीही ते लिहिणाऱ्याला वगळून स्वतःच्या हाताने उत्तरले असावे. फौजेत ते लिहायला शिकले होते का, हे कसे कळेल? आणि पुसलेल्या दोन ओळी वाचण्याचा काही मार्ग आहे का? काही पाकिटेही आहेत, ती ठेवावीत का?

दफ्तरदार

पाकिटे तर मुळीच टाकू नयेत. शिपायाला पत्रात ठिकाण लिहायची मनाई होती, पण टपालाच्या शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा (फौजेसोबत फिरणाऱ्या टपाल कचेरीचा) नंबर आणि तारीख असते, आणि कोणते फील्ड पोस्ट ऑफिस कोणत्या महिन्यात कुठे होते याच्या याद्या लष्करी टपालाच्या संग्राहकांनी तयार केलेल्या आहेत. पाकिटाच्या कडेला चिकटवलेली कागदी पट्टी असेल तर ती सेन्सॉरने पाकीट उघडून पुन्हा बंद केल्याची खूण आहे. तीही सोडवू नये.

फौजेत शिपायांना अक्षरओळख करून देण्याचे वर्ग चालत आणि त्यात भर रोमन लिपीतल्या उर्दूवर असे. देवनागरी लिहायला बहुतेकांना सोबत्यांनी शिकवले. आपल्या पेन्सिलीच्या ओळीतली अक्षरे सुटी सुटी आणि दाबून काढलेली असतील, तर ती नवशिक्या हाताची आहेत असे मानायला हरकत नाही. त्यानंतरच्या पत्रांतली अक्षरे तिच्याशी ताडून पाहावीत. मूळ पत्र लिहिणारा हात कोणत्या तारखेपासून बदलला, हे त्यातून निघेल.

पुसलेल्या ओळींवर पाणी, स्पिरिट, ब्लीच असले काहीही लावू नये. पुसणारी शाई आणि खालची शाई वेगळ्या प्रकारच्या असतील तर अवरक्त प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात खालचा मजकूर कधी कधी उमटतो. पुराभिलेख जतनाचे काम करणाऱ्या संस्थेकडून ते करून घ्यावे. कागदांना सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये.

आता मुख्य काम. घरची पत्रे मिळणार नाहीत हे धरून चालून आपल्याजवळच्या उत्तरांतूनच ती पुन्हा उभी करता येतील. एक वही घ्यावी आणि प्रत्येक पत्रासमोर दोन गोष्टी लिहाव्यात : ‘तुमचे अमुक तारखेचे पत्र पोचले’ असा उल्लेख असल्यास ती तारीख, आणि त्या पत्रात घरच्यांनी काय लिहिले असले पाहिजे याचा उत्तरातून निघणारा अंदाज. बैल, शाळा, विहीर, मनिऑर्डर, निळे लुगडे असे सगळे त्यात यावे. मग त्याच महिन्यांतले सातारा जिल्ह्याबद्दलचे सरकारी पाक्षिक अहवाल शेजारी ठेवावेत. मुंबई इलाख्याचे असे अहवाल भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आहेत, आणि गृह खात्याच्या विशेष शाखेचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहता येतात. घरच्यांनी काय लिहिले आणि काय लिहिण्याचे टाळले, हे दोन्ही त्यातून दिसू लागेल. वडूजनंतरच्या महिन्यांची नोंद आधी करावी, कारण पुसलेल्या ओळी तिथेच आहेत आणि त्यानंतरच्या पत्रात पणजोबा त्या विषयाकडे परत येतात की कायमचे गप्प होतात, यावरून घरून पुढे काय सांगितले गेले असेल ते बरेचसे ठरेल.

पाकिटांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे येथे द्यावीत. शिक्क्यांचे नंबर वाचता आले तर यादीत पाहून ठिकाणे कळवतो.